नावाने हाक मारावी की साहेब म्हणावं? बोलण्यातल्या आणि लेखी संबोधनांचं सविस्तर मार्गदर्शन

नव्या ऑफिसात रुजू झालेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, ‘इथे सर-मॅडम काही नाही, सगळ्यांना नावाने हाक मारायची.’ इंग्रजीत बोलताना ते जमतंही. मग चहाच्या टेबलावर बोलणं मराठीवर येतं आणि पन्नाशीच्या मिलिंद यांना ‘मिलिंद, तू’ म्हणायचं की ‘मिलिंद, तुम्ही’, इथे तो अडतो. त्याला मिळालेली सूचना अर्धीच होती. मराठीत मान नावावर कमी आणि क्रियापदावर जास्त अवलंबून असतो.

एकेरी नाव म्हणजे अपमान आणि आडनाव म्हणजे मान, हा हिशेब आपल्याकडे लागत नाही. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, प्रतिभाताई पाटील. दोन मुख्यमंत्री आणि एक राष्ट्रपती, तिघांनाही उभ्या महाराष्ट्राने पहिल्याच नावाने ओळखलं, आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटला नाही. उलट नुसतं आडनाव, ‘ए देशमुख, इकडे ये’, हे वर्गातल्या मित्रांत चालतं आणि बाहेर हुकमासारखं लागतं. म्हणून संबोधन ठरवताना क्रम असा ठेवावा: आधी तू-तुम्ही, मग नावाला काय जोडायचं, आणि पदवी किंवा हुद्दा सगळ्यात शेवटी. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

पहिली पायरी: तू, तुम्ही की आपण

अनोळखी प्रौढ माणसाशी बोलताना सुरुवात नेहमी ‘तुम्ही’ने करावी. समोरचा रिक्षावाला असो, हॉटेलात टेबल पुसणारा असो, सोसायटीचा जिना झाडणारी बाई असो की बँकेचा व्यवस्थापक, नियम एकच. कामावरून आणि कपड्यांवरून तू-तुम्ही ठरवण्याची सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. पिढ्यान्‌पिढ्या काही लोकांच्या वाट्याला फक्त ‘ए’ आणि ‘अरे’ आलं, ते विसरून चालणार नाही. साठ वर्षांच्या सफाई कामगाराला पंचविशीतल्या मुलाने ‘तू’ म्हणणं ही बोलीची लकब नव्हे, तो अपमान आहे, आणि ऐकणाऱ्याला तो दरवेळी कळतो. सवय बदलण्याचा साधा उपाय म्हणजे वयाने मोठ्या प्रत्येक माणसाला अपवाद न करता ‘तुम्ही’. अपवाद करायला लागलं की ते नेमके गरिबाच्याच वाट्याला येतात.

‘तू’ म्हणजे अनादर असंही नाही. अनेक मराठी घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात, विठ्ठलाला तर सगळेच ‘तू’ म्हणतात. जवळीक असेल तिथे ‘तू’ हा अधिकार असतो. फक्त तो अधिकार समोरच्याने दिलेला असावा, आपण घेतलेला नसावा.

‘आपण’ हे तिसरं रूप व्यासपीठ, निवेदन, निमंत्रण आणि सरकारी पत्रव्यवहार यांपुरतं ठेवावं. रोजच्या बोलण्यात ते परकं वाटतं, शिवाय त्यात एक घोटाळा आहे. ‘आपण उद्या येणार आहात’ आणि ‘आपण उद्या येणार आहोत’ यांतला फरक शेवटच्या शब्दाने कळतो, पण ‘आपण उद्या भेटावे’ यात समोरच्याने भेटायचं की दोघांनी, हे ठरत नाही. तारीख, वेळ, पैसे यांचा विषय असेल तर ‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’ लिहावं, किंवा नाव घालून वाक्य पुरं करावं.

आता रूपं. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, विशेषतः मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकलेल्यांचा आणि इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलांचा.

तू ये, तुम्ही या, आपण यावे.
तू येतोस किंवा येतेस, तुम्ही येता.
तू आलास किंवा आलीस, तुम्ही आलात.
तू केलंस, तुम्ही केलंत.

‘सर, तुम्ही ये ना’ किंवा ‘मॅडम, तू सांगितलंस’ असं मिसळलेलं वाक्य कानाला सरळ ‘तू’पेक्षाही जास्त खटकतं. सर म्हणून वाक्य सुरू केलं तर शेवटच्या ‘त’पर्यंत मान टिकला पाहिजे. माणूस समोर नसतानाही तेच. ‘सर आले’, ‘बाई आल्या’, ‘डॉक्टर गेल्या’. तोंडावर ‘सर’ आणि पाठीमागे ‘तो सर आला बघ’ हे कॉलेजात सर्रास चालतं, आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात नको त्या वेळी तोंडातून निसटतं.

वरच्या रूपांत एक सोय दडलेली आहे. ‘तू आलास’ किंवा ‘आलीस’ म्हणताना समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठरवावं लागतं. ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही येता’, ‘तुम्ही केलंत’ म्हणताना ते ठरवावं लागत नाही. ईमेलमध्ये किरण, सुमन, शीतल अशी दोन्हीकडे चालणारी नावं दिसली, किंवा समोरच्या व्यक्तीने स्वतःची ओळख काय सांगितली आहे ते माहीत नसलं, तर ‘तुम्ही’ची ही रूपं वापरून अख्खं पत्र निभावून नेता येतं. फक्त ‘आला आहात’ आणि ‘आल्या आहात’ अशी जोडरूपं टाळावीत, त्यांत लिंग उघड होतं. ‘तुम्ही अर्ज पाठवला आहे’ चालेल, कारण तिथे क्रियापद अर्जाशी जुळतं.

काहीच ठरत नसेल तेव्हा

वय कळत नाही, नातं नवीन आहे, समोरचा आपल्याला ‘तू’ म्हणतो पण आपण काय म्हणावं ते समजत नाही. अशा वेळी पहिली पाच-दहा मिनिटं संबोधनाशिवाय काढता येतात. मराठीत त्यासाठी वाक्यांची तयार सोय आहे:

‘येणं कधी झालं?’ 
‘जेवण झालं का?’
‘गाव कोणतं?’
‘उद्या यायला जमेल का?’
‘फाइल कधीपर्यंत मिळेल?’
‘चहा घ्यायचा का?’

यांतल्या एकाही वाक्यात तू नाही, तुम्ही नाही, आणि तरी एकही वाक्य उद्धट नाही. मात्र हा तात्पुरता आधार आहे. महिनाभर असंच बोलत राहिलात तर टाळाटाळ लक्षात येते. त्याआधी सरळ विचारावं, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ हा प्रश्न विचारल्याने कुणी रागावत नाही. सुनेने सासूबाईंना, नव्या शेजाऱ्याने शेजारणीला, कनिष्ठाने वरिष्ठाला तो पहिल्या दोन-तीन भेटींतच विचारून टाकावा. जितका उशीर, तितका तो अवघड होतो.

दुसरी पायरी: नावाला काय जोडायचं

नुसतं नाव आणि ‘तुम्ही’ ही जोडी (‘मिलिंद, तुम्ही बघाल का?’) समवयस्क किंवा थोड्या लहान सहकाऱ्यासाठी पुरेशी आहे. वयाने किंवा मानाने मोठा माणूस असेल तर नावाच्या मागे काहीतरी लागतं. काय लावायचं, ते वय, जागा आणि नातं पाहून ठरवावं.

‘राव’ हे पुरुषाच्या पहिल्या नावाला लागतं, मिलिंदराव. जावई, व्याही, गावातला ओळखीचा मोठा माणूस, सभेतला पाहुणा यांना ते शोभतं. प्रत्येक नावाला ते बसत नाही. नवीन वळणाच्या, दोन अक्षरी नावांपुढे ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, तिथे ‘साहेब’ किंवा ‘सर’ बरं. ‘साहेब’ आडनावालाही लागतं आणि हुद्द्यालाही, पाटीलसाहेब, तहसीलदारसाहेब. ‘राव’ आणि ‘साहेब’ दोन्ही एकत्र लावू नयेत.

‘दादा’, ‘भाऊ’, ‘ताई’ हे रस्त्यावरचे आणि बाजारातले सगळ्यात सुरक्षित शब्द. विदर्भात ‘भाऊ’ जास्त ऐकू येतं आणि उत्तरादाखल ‘हो जी’. पश्चिम महाराष्ट्रात अनोळखी माणसाला ‘पाव्हणं’ म्हणून हाक जाते. एसटीतल्या वाहकाला ‘मास्तर’, तालमीत शिकवणाऱ्याला ‘वस्ताद’, कीर्तनकाराला ‘बुवा’ किंवा ‘महाराज’, पूजा सांगणाऱ्याला ‘गुरुजी’. वारीत वय, हुद्दा, जात यांतलं काहीही न विचारता प्रत्येक जण प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणतो. संबोधनाची इतकी समान वागणूक दुसरीकडे क्वचितच मिळेल.

‘काका’, ‘काकू’, ‘मावशी’, ‘आजी’ यांच्या बाबतीत मात्र जपून. पस्तिशीतल्या बाईला विशीतल्या मुलाने ‘काकू’ म्हटलं तर तिला ते आवडेलच असं नाही, आणि तिची नाराजी रास्त आहे. पक्का हिशेब असा धरावा: समोरची व्यक्ती आपल्या आई-वडिलांच्या वयाची आहे याची खात्री असेल तरच काका-काकू, नाहीतर दादा-ताई. दुकानात, बँकेत, दवाखान्यात काम करणाऱ्या स्त्रीला नात्याचा शब्द लावण्यापेक्षा ‘मॅडम’ म्हणणं केव्हाही योग्य. आणि ‘वहिनी’ हा शब्द कामाच्या जागी नकोच. तो त्या स्त्रीला तिच्या नवऱ्याच्या नावाने ओळखतो, ती मात्र तिथे स्वतःच्या नावाने काम करत असते.

शाळेचं वेगळं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘गुरुजी’ आणि ‘बाई’, शहरात ‘सर’ आणि ‘मॅडम’ किंवा ‘टीचर’. शाळेत जे चालतं तेच पालकांनीही वापरावं. शिक्षिका वयाने पालकापेक्षा लहान असली तरी मुलासमोर तिला एकेरी बोलू नये, मूल तेच उचलतं. महिला डॉक्टरला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणण्याची जुनी सवय सोडून द्यावी, कारण त्या शब्दाने डॉक्टरची बायकोही समजली जाते. ‘डॉक्टर’ हा शब्द दोघांनाही पुरतो.

तिसरी पायरी: ऑफिसात नाव घेताना

पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत सगळ्यांना पहिल्या नावाने बोलावण्याची पद्धत आहे. इंग्रजीत ती सरळ चालते. मराठीत तिचा अर्थ आपोआप ‘तू’ असा होत नाही, हे दोन्ही बाजूंनी समजून घ्यावं. क्रम असा ठेवावा:

नाव घ्यावं, क्रियापद ‘तुम्ही’चं ठेवावं. ‘शुभांगी, तुम्ही पाहिलंत का?’ हे वाक्य अगदी व्यवस्थित आहे.

‘तू’वर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने मांडावा. ‘मला तुम्ही नको म्हणूस, तू म्हण’ एवढं पुरे. धाकट्याने मोठ्याला ‘मी तुम्हाला तू म्हणू का?’ विचारलं तर मोठ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून तसं विचारू नये.

प्रस्ताव आला तरी जीभ लगेच वळत नसेल तर जबरदस्ती नको. ‘सवय नाही, तुम्हीच बरं वाटतं’ हे उत्तर मान्य व्हावं.

‘तू’ दोन्हीकडून असावं. साहेब हाताखालच्यांना ‘तू’ म्हणतात आणि ते साहेबांना ‘तुम्ही’ म्हणतात, तिथे पहिल्या नावाने हाक मारण्याच्या पद्धतीला फारसा अर्थ उरत नाही. वयात वीस वर्षांचं अंतर असेल तर ते नैसर्गिक वाटू शकतं, पण पाच वर्षांच्या अंतराला नाही. संघप्रमुखाने स्वतः सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात करणं हा सगळ्यात जलद उपाय आहे.

बाहेरचा ग्राहक किंवा पाहुणा समोर असताना आपापसातलं ‘तू’ बाजूला ठेवावं. बैठकीत ‘हे मिलिंद सांगतील’ म्हणावं, ‘हे मिलिंद सांगेल’ नव्हे. बैठक संपली की पुन्हा ‘तू’.

ऑफिसातले शिपाई, चालक, पहारेकरी यांना मात्र याच कंपन्यांत पहिल्या नावाने आणि ‘तू’ने बोलावलं जातं, आणि ते उलट ‘सर’ म्हणतात. सगळ्यांना एकच नियम लावायचा तर तो या दारापासून लावावा. त्यांना पूर्ण नाव विचारून घ्यावं, नावापुढे ‘दादा’, ‘मामा’ किंवा ‘ताई’ जोडावं आणि ‘तुम्ही’ म्हणावं.

चौथी पायरी: लेखी मायना

बोलताना चूक झाली तर पुढच्या वाक्यात सावरता येते. कागदावरची राहते. म्हणून इथे थोडं बारकाईने.

सरकारी किंवा संस्थेच्या कार्यालयाला लिहिताना माणसाला नव्हे, पदाला लिहायचं. अधिकारी बदलतात आणि नावाने आलेलं पत्र नव्या टेबलावर अडकू शकतं.

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, (तालुका व जिल्हा)
विषय: सातबारा उताऱ्यातील नावाच्या दुरुस्तीबाबत
महोदय / महोदया,

‘मा.’ एकदाच. ‘मा. तहसीलदार साहेब महोदय’ असं तीन वेळा माननीय करण्याने काम लवकर होत नाही. अधिकारी स्त्री असल्याचं माहीत असेल तर फक्त ‘महोदया’ लिहावं, पदाचं नाव तसंच राहतं. शेवटी ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’. ‘आज्ञाधारक’ विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना लिहावं, नागरिकाने अधिकाऱ्याला लिहिण्याचं कारण नाही. कायद्याने जे मिळायला हवं ते मागताना ‘कृपाभिलाषी’ही अनावश्यक आहे. संपूर्ण पत्रात ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ यांपैकी एकच निवडावं. ‘आपण दिलेल्या तारखेला तुमच्या कार्यालयात आलो’ ही नेहमीची चूक.

व्यक्तीला नावाने लिहिताना ‘श्री.’ पुढे नाव आणि आडनाव, शेवटी ‘यांस’ किंवा ‘यांना’. घरगुती पत्रांतली जुनी संक्षिप्त रूपं अजून पत्रिकांत आणि वडीलधाऱ्यांच्या पत्रांत येतात, तेव्हा ती माहीत हवीत: आई-वडिलांना ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, काका-मामांसारख्या इतर वडीलधाऱ्यांना ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप, आणि लहानांना ‘चि.’. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, हे बरोबरीच्यांसाठी. मोठ्यांसाठी ‘सा. न. वि. वि.’, त्यात ‘सा.’ म्हणजे साष्टांग किंवा सादर. एका कान्याने नातं बदलतं, म्हणून नुसतं उतरवून काढू नये.

स्वतःच्या नावापुढे स्वतः ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ लावू नये, ना सहीत, ना फोनवर. ‘मी श्री. अमुक बोलतोय’ हे चुकीचं. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून ‘श्री. व सौ.’ छापतात, तो पत्रिकेपुरता रूढ अपवाद समजावा.

स्त्रियांच्या नावांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण आपल्या जुन्या संक्षेपांनी स्त्रीचं लग्न झालं की नाही आणि नवरा हयात आहे की नाही, हे तिच्या नावाआधीच जाहीर करून ठेवलं आहे. ‘कु.’, ‘सौ.’ आणि विधवेसाठी ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी, अशी ती उतरंड होती. ‘श्रीमती’ हा शब्द सरकारी व्यवहारात कोणत्याही स्त्रीसाठी चालतो, पण अनेक घरांत तो विधवेसाठीच वापरला जायचा, त्यामुळे आजही एखाद्या विवाहित बाईंना पत्रावर ‘श्रीमती’ पाहून धक्का बसतो. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरावा का, असा प्रस्ताव राज्य सरकारच्या पातळीवर चर्चेला आला, तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली आणि तसा निर्णय झालेला नाही, असं मंत्र्यांना सांगावं लागलं. हे सगळं टाळण्याचा मार्ग सोपा आहे. हुद्दा असेल तर हुद्दा, नसेल तर उपाधीशिवाय पूर्ण नाव. ‘शुभांगी जाधव यांस’ या मायन्यात काहीही कमी नाही. स्वतः बाईंनी ‘सौ.’ लिहा म्हटलं तर लिहावं, अंदाजाने कधीच नाही.

लग्नानंतर नाव बदललं असेलच असंही धरू नये. पत्रिकेची किंवा प्रमाणपत्राची छपाई करण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: नाव कसं लिहायचं, मधलं नाव लावायचं का, आडनाव कोणतं. मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रात आता क्रमच बदलला आहे. राज्य सरकारच्या २०२४ मधल्या निर्णयानुसार १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. शाळांच्या गुणगौरव समारंभाच्या याद्या जुन्या साच्यात भरल्या तर आईचं नाव गळतं, म्हणून दाखला पाहूनच यादी करावी.

पदव्या आणि किताब

डॉ., प्रा., ॲड. या उपाध्या ‘श्री.’ची जागा घेतात. ‘श्री. डॉ.’ लिहू नये. ‘प्रा. डॉ.’ मात्र चालतं, कारण एक पद आहे आणि दुसरी पदवी. ज्यांना विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली आहे त्यांच्या नावापुढे ‘डॉ.’ लावू नये असा संकेत आहे, परिचयात मात्र त्या सन्मानाचा उल्लेख जरूर करावा.

‘पद्मश्री’, ‘पद्मभूषण’ हे नावाला जोडणं ही आपल्याकडच्या कार्यक्रमपत्रिकांतली सगळ्यात जास्त छापली जाणारी चूक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. पद्म पुरस्कार आणि भारतरत्न हे किताब नाहीत, मात्र ते नावाआधी किंवा नावानंतर वापरता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून पत्रिकेवर फक्त नाव छापावं आणि खाली ओळीत ‘पद्मश्री पुरस्काराने सन्मानित’ लिहावं. पाहुण्यांचाही त्यात मान राहतो.

राष्ट्रपतींसाठी देशांतर्गत कार्यक्रमांत ‘महामहिम’ हा शब्द प्रणव मुखर्जी यांच्या काळात, २०१२ मध्ये बाजूला ठेवला गेला. ‘माननीय राष्ट्रपती’ किंवा बोलताना ‘राष्ट्रपती महोदय’, ‘राष्ट्रपती महोदया’ म्हणावं. राज्यपालांसाठीही हेच वळण योग्य. विधानसभेत बोलणारा ‘अध्यक्ष महोदय’ म्हणतो आणि विधान परिषदेत ‘सभापती महोदय’. गॅलरीतून वार्तांकन करणाऱ्या नवख्याची इथे गल्लत होते.

न्यायालयात काय म्हणावं, हे पक्षकारांना हमखास पडणारं कोडं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये नियम केला: सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा स्थानिक भाषेतला तशाच अर्थाचा शब्द. प्रत्यक्षात उच्च न्यायालयात ‘माय लॉर्ड’ अजून ऐकू येतं, तालुक्याच्या कोर्टात ‘साहेब’, आणि अर्जावर ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. साक्षीला उभं राहणाऱ्याने ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणावं आणि उत्तर थोडक्यात द्यावं, त्यापेक्षा जास्त अपेक्षा नसते.

सैन्यातून निवृत्त झालेल्यांचा हुद्दा नावाआधी येतो आणि ‘(निवृत्त)’ नावानंतर. ‘निवृत्त ब्रिगेडियर अमुक’ असं लिहू नये. माणूस सेवेतून निवृत्त होतो, त्याचा हुद्दा नाही, अशी त्यामागची धारणा आहे.

पत्रिका आणि श्रद्धांजली

इथे घराची परंपरा बघावी, स्वतःची लादू नये. दिवंगतांसाठी ‘कै.’ सगळीकडे चालतं असं समजून छापणारे बरेच आहेत, तसं नाही. वारकरी घरांत ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी, लिंगायत घरांत ‘लिंगैक्य’, बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’, ख्रिस्ती कुटुंबांत ‘ख्रिस्तवासी’, मुस्लिम कुटुंबांत ‘मरहूम’ किंवा ‘पैगंबरवासी’. बौद्ध निमंत्रणांत ‘श्री.’-‘सौ.’ऐवजी ‘आयु.’ म्हणजे आयुष्मान आणि आयुष्मती वापरतात. मुस्लिम पाहुण्यासाठी ‘जनाब’. परंपरा माहीत नसेल आणि विचारणं शक्य नसेल तर ‘दिवंगत’ हा शब्द कुठल्याही घराला चालतो.

सभेत आणि गावात

सूत्रसंचालकाने आदल्या दिवशीच पाहुण्यांकडून नावाचा उच्चार, पदवी आणि आवडतं संबोधन लिहून घ्यावं. व्यासपीठावर पहिल्यांदा नाव घेताना पूर्ण उल्लेख, त्यानंतर फक्त ‘सर’, ‘ताई’ किंवा नाव. प्रत्येक वाक्यात ‘आदरणीय, वंदनीय’ लावलं की श्रोते ऐकणं सोडतात. आणि एका पाहुण्याला ‘माननीय’ म्हटलं तर सगळ्यांना म्हणावं. व्यासपीठावरच्या एकट्या स्त्रीला ‘शुभांगीताई’ आणि बाकीच्या पुरुषांना ‘डॉ. अमुक’, ‘प्रा. तमुक’ असं सर्रास होतं. तिच्याकडेही पदवी असते, ती वाचावी.

ग्रामपंचायतीत हा प्रश्न आणखी ठळक होतो. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. अनेक गावांत बाई सरपंच आहेत आणि लोक ‘सरपंच’ म्हणून हाक मारतात ती त्यांच्या नवऱ्याला. बाईंना मात्र ‘वहिनी’. ग्रामसभेत, अर्जात, मोबाइलवरच्या निरोपात ‘सरपंच’ हा शब्द निवडून आलेल्या व्यक्तीसाठीच वापरावा, आणि नवरा शेजारी बसला असला तरी प्रश्न बाईंकडे बघून, ‘सरपंच, तुम्ही सांगा’ असा विचारावा. गावातल्या चार माणसांनी हे ठरवून केलं तरी काही महिन्यांत ग्रामपंचायत अधिकाऱ्यापासून सगळ्यांची सवय बदलते.

परदेशात

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मिस्टर, मिस किंवा डॉक्टर आडनावाला लागतं. आपली सवय पहिल्या नावाला जोडण्याची, त्यामुळे ‘मिस्टर मिलिंद’ असा मजकूर जातो आणि तो चुकीचा दिसतो. एकतर नुसतं मिलिंद, नाहीतर आडनावासह मिस्टर. जर्मनीत कामाला गेलेल्या मराठी माणसाला तिथली पद्धत लवकर कळते: अनोळखी माणसाला ‘झी’ आणि आडनाव, जवळच्याला ‘डू’ आणि पहिलं नाव, आणि ‘डू’चा प्रस्ताव मोठ्याकडून येतो. आपल्या तुम्ही-तूच्या फार जवळची ही रीत आहे. फक्त आपल्यासारखी ‘पहिलं नाव आणि तुम्ही’ ही मधली जागा तिथे फारशी वापरत नाहीत. परदेशात वाढणाऱ्या मुलांना घरात काका, मावशी, आजोबा यांसोबत ‘तुम्ही’ची क्रियापदंही शिकवावीत. ‘आजोबा, तू कधी येणार?’ हे दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडी गोड वाटतं, पंधराव्या वर्षी तेच त्या मुलाला तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात अवघडून टाकतं.

चुकलं तर

चुकून ‘तू’ निघून गेलं तर तिथल्या तिथे ‘माफ करा, तुम्ही’ म्हणावं आणि वाक्य पुढे न्यावं. लांबलचक दिलगिरीने समोरचाच संकोचतो. नाव किंवा पदवी चुकली असेल तर पुढच्या उल्लेखात बरोबर म्हणून दाखवावं. पत्रिका छापून झाली असेल तर त्या व्यक्तीला वाटप सुरू होण्याआधी स्वतः फोन करावा आणि ज्या प्रती बाहेर गेल्या नाहीत त्या दुरुस्त करून घ्याव्यात. आणि आपल्याला कुणी न आवडणाऱ्या शब्दाने हाक मारत असेल तर चारचौघांत नको, एकटं गाठून सांगावं: ‘मला काकू नका म्हणू, शुभांगीताई म्हणा.’ काय नको ते सांगताना काय हवं तेही त्याच वाक्यात सांगितलं की समोरच्याला दुसऱ्या दिवशी हाक मारताना अडखळावं लागत नाही.